सक्ती कायद्याची, नफा कंपन्यांचा

इंग्लंडमध्ये वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणास मोटार चालविण्याचा परवाना मिळू शकतो. शिकवणीचे पैसे भरले, परीक्षा उत्तीर्ण झाली, परवाना हाती आला आणि दहा-बारा वर्षे वापरलेली एखादी लहान गाडी पैसे साठवून विकत घेतली, की ती रस्त्यावर आणण्यास कोणाची हरकत नसावी, असे परक्या माणसास वाटेल. वस्तुतः खरा अडसर येथूनच सुरू होतो. विम्यावाचून गाडी चालविणे हा गुन्हा आहे, आणि नवशिक्या तरुणाकडून विमा कंपनी पहिल्या वर्षासाठी जो हप्ता मागते, तो पुष्कळदा त्या जुन्या गाडीच्या किमतीपेक्षाही अधिक असतो. गाडी परवडते, पण ती कायदेशीरपणे चालविणे परवडत नाही, अशी ही विपरीत अवस्था आहे. महाराष्ट्रातून जाऊन तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलेही याच रांगेत उभी आहेत.

मोटारवाल्यांच्या दुःखाशी श्रमिकांच्या चळवळीला काय देणेघेणे, असा प्रश्न येथे एखादा कार्यकर्ता विचारील. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर इंग्लंडमधील बसगाड्यांच्या इतिहासात सापडते. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८५ च्या परिवहन कायद्यान्वये लंडनबाहेरची बसवाहतूक खाजगी स्पर्धेस मोकळी केली आणि ऑक्टोबर १९८६ पासून हे धोरण अमलात आले. ज्या मार्गावर नफा, त्या मार्गावर बस; बाकीचे मार्ग स्थानिक संस्थांच्या अनुदानावर तगून राहिले आणि २०१० नंतरच्या काटकसरीत त्यांतलेही अनेक बंद पडले. इकडे मोठमोठी गोदामे शहराबाहेर महामार्गांच्या कडेला उभी राहिली. तेथील पहिली पाळी उजाडण्यापूर्वी सुरू होते आणि शेवटची मध्यरात्री सुटते. त्या वेळी बस नसते. घरोघर जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या तरुणीला दिवसात आठ-दहा घरे गाठावी लागतात. अशा तरुण कामगाराला मोटार ही चैन नव्हे. सुताराला जशी पटाशी, तसे ते त्याचे हत्यार आहे. सार्वजनिक वाहतूक मोडून त्याला खाजगी गाडीकडे ढकलायचे आणि मग त्या गाडीच्या विम्यासाठी त्याला कंपन्यांच्या दारी उभे करायचे, असा हा दुहेरी पेच आहे.

सक्तीमागचा न्याय्य हेतू

विम्याची सक्ती मुळात लोकहिताची होती, हे आधी मान्य केले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने ती आली, तेव्हा मजूर पक्षाचे सरकार होते आणि हर्बर्ट मॉरिसन हे परिवहनमंत्री होते. त्या काळी मोटारीखाली सापडणारा बहुधा पायी चालणारा गरीब माणूस असे. न्यायालयाने त्याला भरपाई मंजूर केली तरी मोटारवाल्याच्या खिशात पैसे नसले म्हणजे तो निकाल कागदावरच राही. म्हणून, रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे त्रयस्थाच्या इजेची भरपाई करू शकणारा विमा असलाच पाहिजे, असे कायद्याने ठरविले. हिंदुस्थानातही १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात हेच तत्त्व आले, आणि आज १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ मध्ये ते कायम आहे. या तत्त्वाविरुद्ध कोणीही समाजवादी ब्र काढणार नाही.

मेख आहे ती पुढे. कायद्याने खरेदी सक्तीची केली, पण विक्री मात्र नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांच्या हाती ठेवली. बाजारातली एखादी वस्तू महाग झाली तर ग्राहक ती घेणे टाळू शकतो. भांडवलशाहीचे समर्थक ज्या ‘ग्राहकाच्या स्वातंत्र्या’चा गौरव करतात, ते हेच. मोटार विम्याच्या ग्राहकाला हे स्वातंत्र्य नाही. त्याने विमा नाकारला तर ब्रिटनमध्ये सामान्यतः तीनशे पौंड दंड आणि परवान्यावर सहा दोषगुण अशी शिक्षा होते. आणि १९९५ च्या नवचालक कायद्याप्रमाणे परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत सहा दोषगुण झाले तर परवानाच रद्द होतो. म्हणजे जुन्या चालकाला ज्या अपराधासाठी दंड पुरतो, त्याच अपराधापायी नव्या चालकाला परवाना गमवावा लागतो. शिवाय या सक्तीच्या खरेदीवर सरकार स्वतःही कर घेते. विमा हप्त्यावरील हा कर १९९४ मध्ये अडीच टक्क्यांनी सुरू झाला आणि २०१७ मध्ये बारा टक्क्यांवर गेला. ज्याचा हप्ता मोठा त्याचा करही मोठा. परिणामी कमावत्या, प्रौढ मोटारवाल्यापेक्षा अठरा वर्षांचा गोदाम-कामगार सरकारी तिजोरीत अधिक भर घालतो.

जोखमीची वर्गवारी की माणसांची?

कंपन्यांचे म्हणणे असे की, तरुण चालकांकडून अपघात अधिक होतात, म्हणून त्यांचा हप्ता अधिक. यातला पहिला भाग खोटा नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधील मोटार अपघातांत जे लोक मृत्युमुखी पडले किंवा गंभीर जखमी झाले, त्यांपैकी सुमारे एक पंचमांश लोक अशा अपघातांतले होते की ज्यांत सतरा ते चोवीस वयाचा चालक गुंतलेला होता. ही सत्यस्थिती डोळ्यांआड करून चालणार नाही. परंतु दुसरे सत्यही तितकेच ठाम आहे. बहुसंख्य तरुण चालक वर्षभरात एकही दावा करीत नाहीत. त्यांच्यापैकी कोण बेदरकार निघेल हे कंपनीला आगाऊ कळत नाही, म्हणून ती सर्वांनाच बेदरकार धरून आकारणी करते. हप्ता ठरतो तो त्याच्या वर्तनावर नव्हे, तर त्याला ज्या गटात टाकले आहे त्या गटाच्या सरासरीवर.

विम्याचा मूळ धर्म याच्या नेमका उलट आहे. गावात एकाचे घर जळाले तर दहा घरांनी वासे द्यावेत, या सहकार्याच्या भावनेला आकडेशास्त्राची जोड दिली की विमा होतो. थोड्यांवर येणारे संकट पुष्कळांनी वाटून घ्यावे, हे त्याचे सार आहे. स्पर्धेत उतरलेल्या कंपनीला मात्र वाटून घेण्यात रस नसतो. तिला निवडून घेण्यात रस असतो. कमी जोखमीचा ग्राहक दुसऱ्याने पळवू नये म्हणून ती त्याला सूट देते आणि ती तूट उरलेल्यांकडून भरून काढते. दुसरी कंपनी तेच अधिक बारकाईने करते. चाळणी जसजशी बारीक होते, तसतसे विम्यातले सामाजिकत्व गळून पडते, आणि शेवटी चाळणीत राहतो तो ज्याला संरक्षणाची सर्वांत अधिक गरज आणि पैसे भरण्याची सर्वांत कमी ऐपत आहे असा माणूस.

ही चाळणी केवळ वयापाशी थांबत नाही. पूर्वी तरुण पुरुषाला तरुण स्त्रीपेक्षा जास्त हप्ता पडे. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी हा भेद बेकायदा ठरविला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून तो बंद झाला. अर्जावरून लिंगाचा रकाना निरुपयोगी झाला खरा, पण व्यवसाय, गाडीचा प्रकार आणि राहण्याचा पत्ता हे रकाने राहिलेच. बांधकामावरचा गवंडी बहुधा पुरुष असतो आणि पाळणाघरातली सेविका बहुधा स्त्री, हे ओळखायला लिंग विचारावे लागत नाही. पत्त्याची कथा याहून बोलकी आहे. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या नागरिकांना सल्ला देणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, तीत असे दिसून आले की, ज्या वस्त्यांत गौरेतर लोकसंख्या मोठी आहे तेथील रहिवाशांना वर्षाला किमान २८० पौंड अधिक मोजावे लागतात. आपण वंश विचारात घेत नाही, असे कंपन्या म्हणतात. त्या विचारीतही नसतील. पत्ता विचारला की पुरेसे होते. वर्णाने वेगळा, वस्तीने गरीब आणि वयाने लहान असा जो मुलगा असेल, त्याच्या हप्त्यात या तिन्ही गोष्टींची बेरीज होते. आणि यांपैकी एकही गोष्ट त्याने स्वतः निवडलेली नसते.

सल्ल्यांचा बाजार

अशा तरुणाला सल्ले मात्र उदंड मिळतात. लहान इंजिनाची गाडी घ्या. निरनिराळ्या कंपन्यांचे दर पारखून पाहा, आणि विमा संपण्याच्या दिवशी नव्हे, तर तीन-चार आठवडे आधीच पाहा. आई किंवा वडील यांचे नाव दुय्यम चालक म्हणून घाला. हप्ता महिन्यामहिन्याने न भरता एकरकमी भरा. दाव्यातली पहिली मोठी रक्कम स्वतः सोसण्याची तयारी दाखवा. गाडीत काळी पेटी बसवून घ्या. हे सल्ले खोटे नाहीत आणि त्यांनी काही पौंड वाचतातही. ज्याला आज, या घटकेला विमा घ्यायचा आहे, त्याने ते जरूर पाळावेत. परंतु प्रत्येक सल्ल्याच्या पोटात काय दडले आहे तेही पाहिले पाहिजे.

एकरकमी हप्ता तोच भरू शकतो ज्याच्याजवळ एकरकमी पैसे आहेत. ज्याच्याजवळ नाहीत तो महिन्याचा हप्ता घेतो आणि त्यावर व्याज देतो. म्हणजे गरीब असण्याचा निराळा आकार पडतो. पहिली रक्कम स्वतः सोसण्याचे कबूल केले तर हप्ता घटतो, पण अपघात झाल्यावर ती रक्कम खिशात नसते. मग मोडलेली गाडी तशीच दारात उभी राहते आणि नोकरी हातची जाते. आई-वडिलांचे नाव दुय्यम चालक म्हणून घालणे कायदेशीर आहे. पण मुलगाच रोज गाडी चालवीत असता वडिलांना मुख्य चालक दाखविणे ही फसवणूक ठरते आणि ऐन वेळी विमा रद्द होऊ शकतो. प्रामाणिक कुटुंबांनाही या वाटेला लावणारी व्यवस्था नीतिमत्तेच्या गप्पा मारते, हे विशेष. याच गरजेवर बनावट विमापत्रे विकणारे दलालही पोसले जातात. स्वस्त विमा म्हणून मुलगा पैसे भरतो, आणि पोलिसांनी अडविल्यावर त्याला कळते की आपल्या हाती निव्वळ रद्दी आहे.

काळ्या पेटीचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे, कारण हाच उद्याचा मार्ग म्हणून तिचा डांगोरा पिटला जात आहे. ही पेटी गाडीचा वेग, ब्रेक दाबण्याची रीत, वळणे आणि प्रवासाची वेळ यांची नोंद करून कंपनीकडे पाठविते. गटापेक्षा व्यक्तीचे वर्तन मोजले जावे, हा विचार वरवर पाहता न्याय्य आहे. पण मापदंड कोणी ठरवायचा? रात्री उशिरा गाडी चालविणे धोक्याचे, असे कंपनीचे गणित सांगते. रात्री उशिरा गाडी चालविणाऱ्यांत मौजेखातर भटकणारा श्रीमंताचा मुलगा असतो आणि पाळी संपवून घरी परतणारी परिचारिकाही असते. पेटीला दोघे सारखेच. कामगाराच्या कामाची वेळ मालक ठरवितो आणि त्या वेळेचा दंड मात्र कामगार भरतो. शिवाय हिशेब कसा झाला हे कंपनीचे गुपित राहते, त्याविरुद्ध दाद मागण्याची वाट अरुंद असते, आणि तरुणाच्या दिवसरात्रीच्या हालचाली एका व्यापारी संस्थेच्या दप्तरी जमा होतात.

सस्कॅचवानची वाट

यावाचून दुसरा मार्गच नाही, असे भासविले जाते. ते खरे नाही. कॅनडातील सस्कॅचवान या शेतीप्रधान प्रांतात जून १९४४ मध्ये टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन हा समाजवादी पक्ष सत्तेवर आला. उत्तर अमेरिकेतले ते पहिले समाजवादी सरकार. त्या सरकारने प्रांताच्या मालकीची विमा संस्था स्थापन केली आणि १९४६ पासून मोटार विमा सक्तीचा केला. सक्ती आणि सार्वजनिक मालकी या दोन गोष्टी तेथे हातात हात घालून आल्या. सरकार सक्ती करणार असेल तर विमाही सरकारनेच, नफा न घेता, पुरवावा, हा त्यामागचा सरळ विचार होता.

पुढे १९६९ मध्ये मॅनिटोबा प्रांतात एड श्रायर यांचे न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे सरकार आले. विमा कंपन्या आणि त्यांचे दलाल यांनी जोराचा विरोध केला, तरी नोव्हेंबर १९७१ मध्ये तेथे ‘ऑटोपॅक’ ही सार्वजनिक योजना सुरू झाली. मार्च १९७४ मध्ये डेव्ह बॅरेट यांच्या सरकारने ब्रिटिश कोलंबियात तेच केले. यानंतर या तिन्ही प्रांतांत उजव्या पक्षांची सरकारे अनेकदा आली. सस्कॅचवानमध्ये १९६४ साली, ब्रिटिश कोलंबियात १९७५ साली आणि मॅनिटोबात १९७७ साली समाजवाद्यांचा पराभव झाला. पण सार्वजनिक मोटार विमा मोडण्याचे धाडस त्यांच्या विरोधकांना झाले नाही. लोकांच्या रोजच्या अनुभवाने ज्या सुधारणेला आधार दिला, ती सत्तांतरातही टिकते, हा यातला पहिला धडा आहे.

दुसरा धडा तरुण चालकांच्या संदर्भात आहे. सस्कॅचवान आणि मॅनिटोबा येथील मूळ विम्याचा दर ठरविताना चालकाचे वय किंवा लिंग पाहिले जात नाही. गाडी कोणती आणि तिचा वापर कशासाठी, यावर दर ठरतो. त्याखेरीज प्रत्येक चालकाची एक श्रेणी असते. नवा चालक शून्यापासून आरंभ करतो. अपघाताविना वर्षे गेली तर तो वर चढतो आणि सवलत मिळवितो. स्वतःच्या चुकीने अपघात केला किंवा नियम मोडला तर खाली घसरतो आणि अधिक पैसे भरतो. म्हणजे जोखमीकडे तेथे दुर्लक्ष होत नाही. फरक इतकाच की, अपराध घडल्यावर त्याची किंमत वसूल केली जाते, घडण्यापूर्वी नव्हे. गाडीचा नोंदणीपट्टा आणि मूळ विमा तेथे एकत्रच मिळतात, त्यामुळे पट्टा असलेली पण विमा नसलेली गाडी ही अडचण फारशी उद्भवतच नाही, आणि बनावट विमापत्रे विकणाऱ्यास तेथे गिऱ्हाईक सापडणे कठीण. तरुणांच्या अपघातांवर उपाय म्हणून या प्रांतांत परवाना टप्प्याटप्प्याने दिला जातो. आधी सोबत अनुभवी चालक, मग काही बंधने, मग पूर्ण मोकळीक. अपघात कमी करण्याचे साधन शिक्षण हे आहे. चढा हप्ता हे नव्हे. चढ्या हप्त्याने गरीब मुलगा रस्त्यावरून दूर होतो, आणि श्रीमंताचा बेदरकार मुलगा वडिलांच्या पैशाने रस्त्यावरच राहतो.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, मग सावध प्रौढ चालक तरुणांचा भार उचलतात. अंशतः ते खरे आहे. पण प्रत्येक प्रौढ एकेकाळी तरुण होता आणि तेव्हा त्याचाही भार कोणीतरी उचलला होता. शाळेचा खर्च ज्याची मुले शिकून मोठी झाली तोही देतो, कारण शिकलेला समाज त्याच्याही उपयोगाचा असतो. नवा चालक विमा घेऊन रस्त्यावर आला तर त्यात पायी चालणाऱ्या वृद्धाचेही हित आहे.

सार्वजनिक मालकीचे दोष

मात्र सार्वजनिक मालकी हा काही जादूचा मंत्र नव्हे, आणि तसे सांगणे हे कार्यकर्त्यांची दिशाभूल करणे होय. ब्रिटिश कोलंबियाचा अनुभव येथे उघडपणे मांडला पाहिजे. तेथील पुढच्या उजव्या सरकारने सार्वजनिक विमा संस्थेच्या गंगाजळीतून एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम सर्वसाधारण तिजोरीत वळविली. दुसरीकडे दाव्यांचा आणि वकिलांचा खर्च वाढत गेला. २०१७-१८ मध्ये संस्थेला सुमारे १.३ अब्ज डॉलरचा तोटा झाला. २०१९ च्या दरबदलात अननुभवी चालकांवरचा बोजा बराच वाढला. शेवटी मे २०२१ पासून चूक कोणाची यावर खटले न लढविता सर्व जखमींना उपचार व भरपाई देण्याची पद्धत तेथे आली आणि दर खाली आले. पण त्या बदल्यात जखमीचा न्यायालयात दाद मागण्याचा हक्क आकुंचित झाला, याबद्दल तेथे वाद आहे. यातून निष्कर्ष असा निघतो की, संस्था लोकांच्या मालकीची असणे पुरेसे नाही. तिची गंगाजळी सरकारी हातांपासून सुरक्षित हवी आणि तिचे दर उघड सुनावणीत ठरावयास हवेत.

उलट बाजूचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. ओंटारिओ प्रांतात बॉब रे यांचा पक्ष १९९० मध्ये सार्वजनिक मोटार विम्याचे आश्वासन देऊन निवडून आला आणि नोकऱ्या जातील व खर्च फार होईल या भीतीने १९९१ मध्ये त्याने ते सोडून दिले. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनी ‘प्रस्ताव १०३’ मंजूर करून मालकीला हात न लावता नियंत्रणाचा मार्ग धरला. चालकाची सुरक्षिततेची नोंद, वर्षाचे अंतर आणि अनुभवाची वर्षे यांवर मुख्यतः दर ठरावा, वस्तीवर नव्हे, असे त्यात होते. कंपन्यांनी त्याविरुद्ध सहा कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, तरी लोक जिंकले. पण वस्तीवरून दर ठरविण्याला खऱ्या अर्थाने आवर घालणारे नियम यायला २००६ साल उजाडले. कायदा लोकांचा आणि कारभार कंपन्यांचा राहिला, तर अठरा वर्षे अशी जातात.

आपल्याकडची स्थिती

हे सारे दूरदेशीचे पुराण नव्हे. भारतात मे १९७१ मध्ये सर्वसाधारण विम्याचा कारभार सरकारने हाती घेतला, १९७२ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला आणि जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे चार सार्वजनिक कंपन्यांत विलीनीकरण झाले. त्यांतील न्यू इंडिया ही मुंबईची. १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र खाजगी भांडवलास पुन्हा खुले झाले. जानेवारी २००७ मध्ये स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे करण्यात आले. बाजार मोकळा होताना मालमोटारींचा थर्ड पार्टी विमा घ्यायला कंपन्या नाखूष होत्या. तेव्हा तो तोटा सर्वांत वाटण्यासाठी एप्रिल २००७ मध्ये सामाईक निधी काढावा लागला आणि तो मार्च २०१२ पर्यंत चालला. फायद्याचे ते आपले आणि तोट्याचे ते समाजाचे, हा बाजाराचा स्वभाव आहे.

तथापि एक मोलाची गोष्ट अजून शिल्लक आहे. थर्ड पार्टी विम्याचा दर आपल्याकडे कंपन्या ठरवीत नाहीत, तो शासनाच्या अधिसूचनेने ठरतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत हजार सी. सी.पर्यंतच्या खाजगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये आणि ७५ ते १५० सी. सी.च्या दुचाकीस ७१४ रुपये असा आकार होता. त्यात चालकाचे वय नाही, लिंग नाही, वस्ती नाही. अठरा वर्षांच्या नवशिक्याला आणि साठ वर्षांच्या निवृत्त अधिकाऱ्याला एकच दर. इंग्लंडमधला तरुण ज्या समानतेसाठी तळमळतो, ती भारतातल्या तरुणाला नियंत्रणाच्या वारशाने मिळालेली आहे. ती आपोआप आलेली नाही, आणि आपोआप टिकणारही नाही. २०२१ मध्ये विमा क्षेत्रातील परकीय भांडवलाची मर्यादा ७४ टक्क्यांवर नेण्यात आली. त्याच वर्षी सार्वजनिक विमा कंपन्यांतील सरकारचा हिस्सा निम्म्याखाली आणण्यास वाट करून देणारी कायदादुरुस्तीही झाली. जुलै २०२२ मध्ये, जितके व जसे चालवाल तसे भरा, अशा योजनांना मुभा मिळाली. आज ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरती आहे. उद्या थर्ड पार्टीचे दर मोकळे करण्याची मागणी याच दरवाजातून आत येईल.

जे आहे तेही निर्दोष नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा आणि मोटारीचा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. हेतू चांगला, पण कर्ज काढून पहिली दुचाकी घेणाऱ्या तरुणाला १५० सी. सी.पर्यंतच्या गाडीसाठी २०२२ च्या दराने ३,८५१ रुपये आरंभीच मोजावे लागले, आणि त्यावर कर निराळा. पाच वर्षे संपली की गाडी जुनी होते, दुसऱ्याच्या हाती जाते आणि विम्याचे नूतनीकरण राहून जाते. २०२५ मध्ये वैयक्तिक जीवन व आरोग्य विमा वस्तू व सेवा करातून मुक्त झाला. पण दुचाकीच्या ज्या विम्याची कायद्याने सक्ती आहे, त्यावर मात्र अठरा टक्के कर राहिला. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर स्वतःच्या दुचाकीवरून खाद्यपदार्थ पोचविणाऱ्या मुलाची स्थिती आणखी नाजूक आहे. त्याच्या खाजगी विमापत्रात मोबदला घेऊन केलेल्या वापरास संरक्षण नसते. अपघात झाला तर कंपनीला हात झटकण्यास, किंवा भरपाई देऊन ती त्याच्याकडून वसूल करण्यास, वाव मिळतो. ज्याच्या धंद्यासाठी तो धावतो तो मालक मात्र नामानिराळा राहतो.

म्हणून या प्रश्नावर कार्यकर्त्यांनी स्पष्ट भूमिका घेणे अगत्याचे आहे. थर्ड पार्टी विम्याचा दर शासनानेच ठरवावा आणि त्यात वय, लिंग, वस्ती वा व्यवसाय यांना कधीही स्थान नसावे. सक्तीच्या विम्यावरील कर रद्द व्हावा. दुचाकीचा पाच वर्षांचा हप्ता व्याजाविना वर्षावर्षाने भरण्याची सोय असावी. पदार्थ आणि माल पोचविणाऱ्या मुलांच्या गाड्यांचा विमा त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या कंपन्यांनी भरावा. आणि सार्वजनिक विमा कंपन्यांचे भागभांडवल विकण्याऐवजी त्यांचा कारभार सुधारून सक्तीचा विमा त्यांच्याकडेच सोपवावा, पण त्यांच्या गंगाजळीला हात लावण्याचा अधिकार कोणत्याही अर्थमंत्र्यास असू नये. रिक्षाचालक, मालमोटारचालक आणि पदार्थ पोचविणारी मुले यांच्या संघटनांतून या मागण्या पुढे आल्या पाहिजेत. सस्कॅचवानच्या शेतकऱ्यांनी हे काम सत्ता हाती येताच केले होते. दर मोकळे करण्याचा प्रस्ताव येथे येईल तेव्हा त्याला विरोध करण्याची तयारी आजपासून हवी, कारण एकदा गेलेले नियंत्रण परत मिळविणे किती जड जाते, ते कॅलिफोर्नियाच्या अठरा वर्षांनी दाखविले आहे.